ट्रॉफी मालकाची, उधारी कारागिराची

आमच्या ओळखीचे एक फॅब्रिकेटर आहेत. खिडक्या, ग्रिल, जिन्याचे कठडे, गेट असे काम करतात. हात चांगला, जबान पक्की. काही वर्षांपूर्वी त्यांना एका बिल्डरकडून तीन इमारतींचे काम मिळाले. बिल्डरच्या ऑफिसात काचेचे एक मोठे कपाट होते आणि त्यात ट्रॉफ्यांची रांग. कुठे ‘सर्वोत्कृष्ट गृहप्रकल्प’, कुठे ‘उदयोन्मुख विकासक’. आमचे भाई ते कपाट पाहूनच निश्चिंत झाले. एवढ्या मोठ्या लोकांनी ज्याच्या पाठीवर थाप मारली तो आपले पैसे कशाला बुडवील, असा त्यांनी साधा हिशोब केला. पहिले बिल थोडे उशिरा आले. दुसरे अर्धे आले. तिसरे आलेच नाही. तरीही माल जात राहिला, कारण कपाटात ट्रॉफ्या वाढत होत्या.

त्याच साली त्या बिल्डरला ‘नेतृत्वा’चा पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात पानभर अभिनंदनाची जाहिरात आली. खाली माल पुरवणाऱ्यांची नावे होती आणि त्यांत आमच्या भाईंच्या दुकानाचेही नाव होते. जाहिरातीतला त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्याकडूनच घेतला गेला होता. म्हणजे ज्याच्याकडे आपले पैसे अडकले आहेत, त्याच्याच सत्कारासाठी आणखी खिशातून द्यायचे! पुढे लोखंडाच्या व्यापाऱ्याचे देणे चुकवण्यासाठी त्यांना घरातले दागिने मोडावे लागले. बिल्डरच्या कपाटातली एकही ट्रॉफी मात्र मोडावी लागली नाही.

ही गोष्ट एकट्याची असती तर आम्ही ती येथे लिहिली नसती. गवंडी, सेंट्रिंगवाले, मार्बल आणि टाइल्स बसवणारे, पीओपीवाले, रंगारी, सुतार, प्लंबर, वायरमन आणि यांना माल देणारे छोटे दुकानदार यांपैकी कुणाशीही अर्धा तास बसा, असाच एखादा किस्सा ऐकायला मिळेल. म्हणूनच बांधकाम व्यवसायातील पुरस्कारांचा विषय आपल्या बांधवांनी नीट समजून घेतला पाहिजे. पुरस्कार बिल्डरला मिळतो, पण त्याच्या भरवशावर उधारी आपण देतो.

पुरस्कार वाईट नव्हेत

प्रथमच स्पष्ट करतो की, पुरस्कार देणे वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. चांगल्या कामाची कदर झालीच पाहिजे. या धंद्यात वेळेवर ताबा देणारे, कागदपत्रे साफ ठेवणारे, मजुरांचा पगार न चुकवणारे विकासक आहेत आणि त्यांचे नाव व्हावे ही रास्त अपेक्षा आहे. भारत सरकारही १९६५ पासून हस्तकलेतील उस्ताद कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देते आणि २००२ पासून ‘शिल्पगुरू’ हा सन्मानही देते. अशा सन्मानाने कारागिराला बाजारात भाव येतो, त्याच्या मुलांना त्या कामाची लाज वाटत नाही.

प्रश्न पुरस्कार कोण देतो, काय पाहून देतो आणि त्याचे पैसे कोण भरतो, हा आहे. आज अनेक समारंभांत स्पर्धेत नाव घालण्यासाठीच फी भरावी लागते. निवड झाली की समारंभाच्या जेवणाची टेबले घ्यावी लागतात, विशेष पुरवणीत जाहिरात द्यावी लागते. प्रायोजक असतात त्या सिमेंटच्या, टाइल्सच्या, नळांच्या कंपन्या, ज्यांचा माल हेच बिल्डर घेतात. पुरस्कारांचे प्रकारही इतके पाडलेले असतात की, शहराच्या एका उपनगरातल्या एका गटातल्या इमारतीलाही ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणता यावे. अर्ज करणाराच आपली माहिती भरतो, आपले फोटो देतो आणि परीक्षक त्या फायलीवरून निकाल देतात. इमारतीत राहायला आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की, पावसाळ्यात भिंतीला ओल येते का? फरशी बसवणाऱ्याला तर कुणी विचारण्याचा प्रश्नच नाही.

सगळेच पुरस्कार असे आहेत असे नाही. परंतु बाहेरून पाहणाऱ्याला खरा पुरस्कार आणि विकतचा पुरस्कार यांतला फरक कळत नाही. ट्रॉफी दोन्हीकडे सारखीच चमकते.

चमक म्हणजे भरवसा नव्हे

नाव मोठे असणे आणि काम पुरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे देशाने पाहिले आहे. नोएडा भागातील आम्रपाली समूहाच्या जाहिरातींत देशातला नामवंत क्रिकेटपटू झळकत होता. शेवटी २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या समूहाची रेरा नोंदणी रद्द केली आणि अर्धवट राहिलेली घरे पुरी करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. ४२ हजारांहून अधिक ग्राहक त्यात अडकले होते. ज्यांनी घरासाठी पैसे भरले त्यांचे हाल सगळ्यांनी वाचले. पण एवढ्या इमारतींत ज्यांनी माल टाकला, मजुरी केली, त्यांचे काय झाले असेल याचा विचार फार थोड्यांनी केला.

मोठ्या कंपन्यांचेच कशाला बोलावे? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्यांत लहान मुले होती, कामावरचे मजूर होते. त्या इमारतीला कुणी पुरस्कार दिला नव्हता हे खरे. परंतु आपल्या धंद्यात ‘उत्कृष्टता’ म्हणजे काय, याची पहिली पायरी तिथून मोजावी लागेल. परवानगी आहे का, पाया पुरेसा आहे का, सिमेंट-लोखंड नकाशाप्रमाणे पडले का, हे आधी. संगमरवरी लॉबी आणि पोहण्याचा तलाव नंतर.

एक वेगळा पुरस्कार

पुरस्कार कसा असावा याचे एक चांगले उदाहरण जगासमोर आहे. १९७७ मध्ये आगाखान यांनी वास्तुकलेसाठी एक पुरस्कार सुरू केला. पहिले पुरस्कार १९८० मध्ये लाहोरला दिले गेले. दर तीन वर्षांनी होणाऱ्या या पुरस्काराची रक्कम आज १० लाख डॉलर आहे. मुस्लिम समाज जिथे लक्षणीय संख्येने राहतो तिथल्या गरजा भागवणाऱ्या बांधकामांसाठी तो आहे, मात्र वास्तुकार कोणत्याही धर्माचा वा देशाचा असू शकतो. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. इमारत बांधून झाल्यावर निदान एक वर्ष वापरात असावी लागते. निवडक कामांच्या ठिकाणी जाणकार स्वतः जाऊन पाहणी करतात. स्वतंत्र परीक्षक मंडळ निकाल देते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बक्षीस एकट्या वास्तुकाराला किंवा मालकाला दिले जात नाही. काम उभे करण्यात ज्यांचा हात लागला, त्यांत कारागीरही आले, त्यांच्यात ते वाटले जाऊ शकते.

१९८३ मध्ये हा मान आफ्रिकेतील माली देशातल्या निओनो गावच्या मोठ्या मशिदीला मिळाला. मातीच्या विटांची ही मशीद बांधली ती लासिने मिंता या उस्ताद गवंड्याने. पुरस्काराच्या नोंदीत त्याचे नाव आहे. १९८९ मध्ये बांगलादेशच्या ग्रामीण बँकेच्या गृहयोजनेला पुरस्कार मिळाला. त्या घराला काँक्रीटचे चार खांब, छपराला पत्रे आणि संडासाचे साहित्य, बाकी भिंती घरच्यांनी आपल्या आपण उभ्या करायच्या. १९९५ मध्ये इंदूरच्या अरण्य वसाहतीला तो मिळाला. बाळकृष्ण दोशी यांनी आखलेल्या या वसाहतीत गरिबांना प्लॉट, संडास-न्हाणी, पाणी आणि ड्रेनेजची सोय करून दिली आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवायचे ठेवले. पुढे २०१८ मध्ये दोशींना प्रित्झकर पारितोषिक मिळाले.

आणि १९९८ मध्ये आपल्या महाराष्ट्राची पाळी आली. कुठल्या टॉवरला मिळाला असेल पुरस्कार? तर जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात लासूर येथे असलेल्या कुष्ठरुग्णांच्या रुग्णालयाला! नॉर्वेच्या दोन तरुण वास्तुकारांनी ते स्थानिक साहित्यात, स्थानिक माणसांच्या हातून, मोजक्या पैशांत बांधून घेतले होते. मधल्या अंगणाभोवती साध्या खोल्या, उन्हापासून आडोसा आणि ज्यांना समाजाने बाहेर काढले त्यांना इज्जतीने राहता येईल अशी जागा. मुंबई-पुण्याच्या एकाही पुरस्कार समारंभात अशी इमारत अर्ज भरायला गेली असती तर तिला कुठल्या गटात बसवावे हेच आयोजकांना कळले नसते.

या उदाहरणावरून आम्ही असे सांगत नाही की, आपल्या बिल्डरांनी मातीची घरे बांधावीत. सांगायचे एवढेच की, तपासणी जागेवर होऊ शकते, वापरणाऱ्याला विचारता येते आणि गवंड्याचे नाव घेता येते. हे अशक्य नाही. करायची इच्छा पाहिजे.

‘नेतृत्व’ कशाला म्हणावे?

हल्ली इमारतीपेक्षा माणसाला पुरस्कार देण्याचा प्रघात वाढला आहे. ‘वर्षातील नेतृत्व’, ‘दूरदर्शी उद्योजक’ वगैरे. नेतृत्वाची परीक्षा चांगल्या दिवसांत होत नाही. ती २०२० मध्ये झाली. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि साइटी बंद पडल्या. किती मालकांनी झोपड्यांत अडकलेल्या मजुरांना दोन वेळचे जेवण आणि मागील पगार दिला आणि किती मजूर पायी गावाकडे निघाले, हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्या वर्षी महारेराने प्रकल्प पुरे करण्यासाठी बिल्डरांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. योग्यच केले, अडचण खरी होती. परंतु फॅब्रिकेटरला, टाइल्सवाल्याला, सेंट्रिंगच्या ठेकेदाराला त्यांच्या देणेकऱ्यांनी अशी मुदतवाढ दिली नाही. त्या काळात ज्या बिल्डरने आधी छोट्या माणसांची बिले चुकती केली, तो खरा नेता. अशांना कुणी ट्रॉफी दिली असेल तर आम्ही उभे राहून टाळ्या वाजवू.

म्हणून बांधकाम संघटनांना आणि पुरस्कार देणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, अर्जाच्या फॉर्मात पाच प्रश्न घाला. एक, महारेरावर जी तारीख लिहून दिली त्या तारखेला काम पुरे झाले का? दोन, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का आणि सोसायटीच्या नावे जमिनीचे हस्तांतरण झाले का? तीन, इमारतीत राहणाऱ्यांच्या किती तक्रारी निकाली काढल्या? चार, साइटवर अपघात किती झाले, मजुरांची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झाली का? पाच, छोट्या पुरवठादारांचे आणि ठेकेदारांचे किती पैसे किती दिवस थकले आहेत? पाचव्या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराकडून न घेता पुरवठादारांकडून घ्या. पहिल्या वर्षी अर्ज कमी येतील. पण जो पुरस्कार मिळेल त्याला वजन असेल.

ट्रॉफी नव्हे, नोंद पाहा

पुरस्कार देणारे सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर आपल्या बांधवांनी स्वतःचे डोळे उघडे ठेवावेत. आज त्यासाठी साधने आहेत, जी आपल्या वडिलांच्या पिढीला नव्हती. १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे अमलात आला. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीवरचा किंवा आठपेक्षा अधिक फ्लॅटचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावी लागते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे नाव टाकले की, काम पुरे करण्याची तारीख, ती किती वेळा पुढे गेली, किती फ्लॅट विकले गेले आणि काय तक्रारी आहेत हे घरबसल्या दिसते. ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणेही महाराष्ट्रात सक्तीचे झाले. मोबाईल धरला की नोंद समोर. ज्याच्या प्रकल्पाची तारीख तीनदा पुढे गेली आहे आणि फ्लॅट विकले गेलेले नाहीत, त्याच्या कपाटात दहा ट्रॉफ्या असल्या तरी त्याला मोठी उधारी देणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. आपल्याकडे जबानीवर काम घेण्याची रीत आहे. जबान पाळणाऱ्याशी ती चालते, पण जबान फिरली तर कोर्टात कागद लागतो. म्हणून कामाचा आदेश लिहून घ्या, त्यात दर, माप, हप्ते आणि शेवटी रोखून ठेवायची रक्कम कधी सुटणार ते लिहा. माल उतरला की चलनावर सही घ्या. बिल दर महिन्याला द्या, काम संपेपर्यंत थांबू नका.

तिसरी गोष्ट उद्यम नोंदणीची. ही नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे छोट्या उत्पादकाचे वा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी मुद्दलच मागावे. कायद्याचे दार त्यांनाही उघडे आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही बदल झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे या मुदतीत दिले नाही, तर प्रत्यक्ष देईपर्यंत ते खर्चात धरता येत नाही. ही गोष्ट बिल्डरच्या सीएला चांगली ठाऊक असते, फक्त आपल्याला ठाऊक नसते. दोन सावधगिरीच्या सूचना मात्र द्याव्या लागतील. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला थकबाकीबाबतचे हे संरक्षण मिळत नाही. तसेच साहित्य आणि मजुरी एकत्र असलेल्या ठेक्यांबाबत न्यायालयांत वाद झालेले आहेत. तेव्हा नोंदणी काम घेण्यापूर्वीच करा आणि करार करतानाच जाणकाराचा सल्ला घ्या.

चौथी गोष्ट फ्लॅटच्या आमिषाची. पैसे थकले की काही बिल्डर म्हणतात, ‘बिलाच्या बदल्यात फ्लॅट घेऊन टाका.’ कारागिराला वाटते, आपले घर झाले. पुढे कळते की, साध्या कागदावर लिहून दिलेला तोच फ्लॅट आणखी कुणालाही दिलेला आहे, किंवा त्यावर बँकेचा बोजा आहे. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय, महारेराची नोंद आणि बोजा तपासल्याशिवाय बिलाच्या बदल्यात फ्लॅट घेऊ नका. ट्रॉफीकडे पाहून तर मुळीच नको.

आपणच सुरुवात का करू नये?

शेवटी एक सूचना आपल्या बांधवांच्या संघटनांना. शहरोशहरी आपल्या व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या जमाती, संघटना, पतसंस्था आहेत. वर्षातून एकदा सभा होते, हार-तुरे होतात. त्याच सभेत दोन नावे जाहीर करायला काय हरकत आहे? एक, ज्या बिल्डरने किंवा ठेकेदाराने वर्षभर छोट्या माणसांची बिले वायद्यावर चुकती केली त्याचे. निवड करायची ती बिले मिळालेल्यांनी, गुप्त चिठ्ठीने. दुसरे, ज्या गवंड्याने, सुताराने वा फॅब्रिकेटरने स्वच्छ काम केले आणि निदान एका मुलाला काम शिकवले त्याचे. हॉटेल नको, टेबल नको, प्रायोजक तर नकोच. एक शाल, एक प्रमाणपत्र आणि टाळ्या पुरेत.

अशा यादीत ज्याचे नाव तीन वर्षे येईल, त्याला बाजारात माल द्यायला कुणी कचरणार नाही आणि ज्याचे नाव कधीच येत नाही, त्याच्याबद्दलही लोक आपोआप सावध होतील. व्यापारात पत हीच खरी ट्रॉफी असते. ती विकत मिळत नाही.

आमचे फॅब्रिकेटर भाई आता पुन्हा उभे राहिले आहेत. काम थोडे, पण रोखीचे आणि लेखी. परवा एका नव्या बिल्डरच्या ऑफिसात गेले तेव्हा तिथेही काचेचे कपाट होते. भाईंनी तिकडे पाठ केली आणि विचारले, ‘साहेब, मागच्या साइटच्या ग्रिलवाल्याचा फोन नंबर द्याल का?’

हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा, एवढेच सांगणे.